झोपायला आलेली पोर

खाज्या पावऱ्याने उभ्या आयुष्यात एकच काम जीव ओतून केलं. लोकांच्या झोपा मोडल्या. ऐकून हसू येईल, पण त्याच्या पाड्यावर कुणी हसत नसे. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायाशी त्याचा पाडा. वर जंगल, खाली फैजपूरपर्यंत केळीच केळी. पाड्यावरची माणसं त्या केळीच्या कापणीला जात, आणि खाज्या त्यांचा मुकादम. ऊन चढायच्या आत घड कापून, डोक्यावरून वाहून बांधावर आले पाहिजेत. उशीर झाला की ट्रकवाला शिव्या घालतो आणि शेतमालक दुसरी टोळी बघतो. म्हणून तांबडं फुटायच्या आधीच खाज्या काठी घेऊन निघायचा आणि एकेक दार बडवत जायचा.

"ऊठ रे! झोपीसन कोन मोठं व्हयनं शे?"

ताप असो, रात्रीची उतरलेली नसो, नवं लग्न झालेलं असो, खाज्याच्या काठीपुढे कुणाचं काही चालत नसे. बायका बोटं मोडायच्या, म्हातारे खोकत उठायचे, आणि पिकअप वेळेवर सुटायची. त्याच्या टोळीला कधी उशीर झाला नाही, हे सगळा पट्टा सांगायचा. या गोष्टीचा त्याला भारी ताठा होता. असायलाच हवा. गरिबाला मिरवायला दुसरं असतं काय?

त्याची एकुलती एक लेक रोशनी. ती तर काठीची वाटच बघायची नाही. बाप उठला की ही उठलीच. लहानपणापासून पाण्याचं वेड. पाड्याखालच्या धरणात मासोळीसारखी पोहायची. आश्रमशाळेच्या सरांनी ते हेरलं, जळगावच्या कॉलेजात घातलं, पोहण्याच्या स्पर्धांना नेलं. तिथून ती गोव्याला जीवरक्षक म्हणून लागली. बुडणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं, हे तिचं काम. आता सातपुड्याच्या पायथ्याला लाटा कुठून येणार? पण गोव्यात तिने लाटांवर फळी घेऊन उभी राहणारी माणसं पाहिली आणि पोरगी त्या फळीच्या मागेच लागली. फळीवर पोटावर पडून हातांनी पाणी मारत आत जायचं, लाट आली की उडी मारून उभं राहायचं आणि तिच्यावरून घसरत यायचं. चार-पाच वर्षांत ती या खेळात पुढे गेली, पेपरात फोटो आला. खाज्याने तो फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि फैजपूरच्या बाजारात भेटेल त्याला दाखवला.

"हाई मनी पोर शे. समिंदरवर उभी ऱ्हास!"

लोक विचारायचे, समुद्रावर उभं राहतात तरी कसं? ते खाज्यालाही सांगता येत नसे. त्याने समुद्र पाहिलेलाच नव्हता. उलट पोर समुद्राला गेली तेव्हा तो धास्तावला होता. तेव्हाच त्याने इंदलचा नवस बोलला होता. पोर पाण्यातून जित्ती परत येऊ दे, अंगणात इंदल घालीन. इंदल म्हणजे पावऱ्यांचा नवसाचा मोठा सोहळा. अंगणात कळंबाच्या फांद्या रोवायच्या, सोयरेधायरे बोलवायचे, ढोलावर उजाडेपर्यंत नाचायचं. आणि खाज्याच्या घरात रीत अशी की ज्याच्या नावाचा नवस, त्याने त्या रात्री अंथरुणाला पाठ लावायची नाही.

मग ते साल आलं. भारताच्या संघात मुलींची एकच जागा उरली होती आणि त्यासाठी मद्रासकडच्या किनाऱ्यावर निवड व्हायची होती. रोशनीचं नाव त्यात होतं. संघात गेली असती तर परदेशात खेळायला मिळालं असतं, नोकरी सोडून नुसता सराव करता आला असता. पोरीचं सगळं नशीब त्या एका दिवसावर टांगलेलं होतं, आणि हे खाज्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

निवडीच्या आधी तिच्या कोच मॅडमनी तिला सराव थांबवून घरी पाठवलं. स्वतः खाज्याला फोन केला.

"काका, रोशनीच्या खेळात काही कमी नाही. तिची झोप बिघडलीय. तिला आठवडाभर झोपू द्या. दुसरं काही करू नका."

खाज्या हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतात. पण मॅडम मनापासून सांगत होत्या. लाटांवर खेळणारी ही पोरं पहाटे अंधारात उठतात, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाणी सरळ असतं. भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते, म्हणून उठायची वेळही रोज बदलते. स्पर्धेला जायचं तर रात्रीच्या बसने. खांदे ठणकतात, कानात पाणी साचतं, आणि अंथरुणात पडलं तरी अंगाखालून लाटा जातच राहतात. रोशनीच्या मनगटावर एक घड्याळ होतं, ते झोप कशी झाली ते सांगायचं, आणि तिकडे मॅडमच्या फोनवरही ते दिसायचं.

"नीट न झोपलेल्या माणसाला लाट दिसते काका," मॅडम म्हणाल्या, "पण उशिरा कळते. तेवढ्यात ती निघून जाते."

"हो मॅडम, हो मॅडम," खाज्या म्हणाला. फोन ठेवला आणि दिवालीबाईला, आपल्या बायकोला म्हणाला, "झोप मोजाले बी घड्याळ निंघनं वं! काय काय ऱ्हास दुनियामा."

रोशनी आली. काळी पडली होती, डोळे आत गेले होते. आईच्या हातची भाकर आणि उडदाची डाळ खाल्ली आणि खाटेवर आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तरी उठली नाही. दिवालीबाईने तिच्या तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून ओढणी टाकली, कोंबड्या हाकलल्या, शेजारणींना हाताने खूण करून गप्प केलं. तिसऱ्या दिवशी पोरीच्या गालावर जरा तजेला आला. जेवताना ती हसली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

"माय, किती दिवसांनी अशी झोप लागली गं."

दिवालीबाईचा जीव भांड्यात पडला. खाज्याचा मात्र जीव कासावीस व्हायला लागला. काय सांगावं? ज्या माणसाने सगळ्या पाड्याला उठवलं, त्याची पोर सूर्य डोक्यावर येईतो लोळते? टोळीतले गडी संध्याकाळी परत येताना विचारायचे, "मुकादम, पोर बिमार शे का?" त्याला ते लागायचं. मग तो उगाच खाटेजवळून जायचा, खोकायचा, कळशी आदळायचा, पलीकडच्या माणसाशी मोठ्याने बोलायचा. पोर कूस बदलायची. दिवालीबाई डोळे वटारायची. तो म्हणायचा, "मी काय कयं?" काही केलं नाही म्हणे! माणूस लेकीवर माया करतो आणि तिला चार दिवस गप पडू देत नाही, याला काय म्हणायचं ते म्हणा.

आणि मग त्याच्या डोक्यात इंदल शिरला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पोर घरी आहे. ती कधी घरी नसते. नवस फेडायचा तो आत्ताच फेडावा. देवाचं देणं चुकवून पोर निवडीला गेली तर देव तिच्या मागे उभा राहील. आणि मनात आणखी एक होतं, ते तो बोलला नाही. सगळ्या पट्ट्याने पोरीला पाहावं, बापाच्या अंगणात नाचताना पाहावं. आजारी नाही माझी पोर, बघा!

दिवालीबाई कडाडली. "पोर झोपाले उनी शे, नाचाले नही उनी! तिनं काम होऊ दे, मंग घाल इंदल."

"बठ्ठा गाव इचारस, इंदल कव्हय शे म्हनीसन."

"गावले काय? गाव जाई का तठे लाटावर?"

पाड्याचा पुजारा, म्हणजे देवाचं सगळं करणारा बादलआबा, पाड्यातला सगळ्यात जुना माणूस, तोही म्हणाला, "खाज्या, देव कुठे पळून चाललाय का? थांबतो तो. होळीनंतर कर." इतकं स्पष्ट देवाच्या माणसाने सांगितलं, आता याहून काय हवं होतं? पण खाज्याला कुणी थांबायला सांगितलं की त्याला घाईच व्हायची. जन्मभर घाईच विकली होती त्याने. त्याने रोशनीलाच विचारलं. तेही कसं, तर ती नुकती डोळे चोळत उठून बसली होती तेव्हा.

"इंदल करू ना पोरी? तुना नावना नवस शे."

तिने बापाकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा फुलला होता की नाही म्हणायला दगडाचं काळीज लागलं असतं.

"करा बा," ती म्हणाली.

ती हो म्हणाली, हे खाज्या नंतर कितीतरी लोकांना सांगत राहिला. पण मनातून त्याला ठाऊक होतं. बापाने विचारल्यावर ती दुसरं काय म्हणणार होती?

इंदल झाला, आणि जोरात झाला. आदल्या दोन दिवसांत पाहुणे उतरले, खाटा पाहुण्यांना गेल्या, पोर आत्यांच्या आणि मावशांच्या गराड्यात बसून राहिली. जो येईल तो म्हणे, उठवा तिला, बघू तरी समुद्रवाली! आणि खाज्या स्वतः तिला हाक मारायचा. नवसाच्या रात्री ती नवी साडी नेसून सगळ्यांच्या पुढे नाचली. बाप ढोलापाशी उभा राहून बघत होता आणि त्याचा ऊर फुटायचा राहिला होता. सकाळी फांद्या काढल्या, जेवणावळ उठली, आणि त्याच दिवशी दुपारी तिला भुसावळला गाडी पकडायची होती. पिकअपकडे निघताना ती उंबरठ्याला अडखळली. दिवालीबाईने तिला सावरलं. खाज्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "गाडीमा झोप काढ, व्हयनं."

निवडीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज शांत होता.

"बा, नाही झालं."

"का वं? काय व्हयनं?"

"फळीवर बसले होते. लाट आली, दिसली मला. पण हात हलेचनात. जणू कुणी दुसरीच बघत होती. मी पाणी मारायला लागले तोवर ती पुढे गेली होती. पलीकडच्या मुलीने घेतली. नंतर चांगली लाट आलीच नाही."

"देवना नवस तं फेडेल व्हता," खाज्या पुटपुटला.

"हो बा," ती म्हणाली. बस, एवढंच. चिडली असती, रडली असती, तुमच्यामुळे झालं म्हणाली असती, तर खाज्याने ऐकून घेतलं असतं, वर दोन शब्द सुनावलेही असते. पण ती काही बोलली नाही, आणि तो त्या न बोललेल्या बोलण्याखाली दबून गेला. त्याने कोच मॅडमना फोन लावला. त्यांनी दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "काका, मला तिच्या घड्याळात सगळं दिसत होतं. घरी गेल्यावर तीन दिवस ती फार छान झोपली होती." पुढचं त्यांनी गिळलं.

ती जागा दुसऱ्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी तिच्याहून लहान पोरी पुढे आल्या. रोशनी परत किनाऱ्यावर पिवळा टी-शर्ट घालून शिटी फुंकायला लागली. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना फळीवर उभं राहायला शिकवायची.

खाज्याची काठी तेव्हापासून ढिली पडली. टोळी नव्या मुकादमाकडे गेली तरी त्याने वाद घातला नाही. कुणी झोपलेला दिसला की तो बाजूने जायचा. मोठ्याने काही पडलं की दचकायचा. त्याला एकच लागून राहिलं होतं. पोर पुन्हा घरी यावी आणि या वेळी पोटभर झोपावी. गेलेली जागा काही परत यायची नव्हती, पण निदान ती झोप तरी आपल्या हाताने परत द्यावी. येडा माणूस!

दिवाळीला ती आली. तर या गृहस्थाने काय करावं? खाटेजवळ पहाराच मांडला. कुत्री भुंकली की हा काठी घेऊन बाहेर. शेजारच्याचा मोबाईल वाजला की हा "शूऽऽ, शूऽऽ" करत कुडापाशी. गावात सांगून ठेवलं, फटाका वाजला तर याद राखा. पोराबाळांनी तोंड पाडलं. ती डोळे मिटून पडली होती, आणि बापाची प्रत्येक "शूऽऽ" तिच्या कानात जात होती. मध्येच ती उठून म्हणाली, "बा, तुम्ही झोपा ना."

"मी कशाले झोपू? तू झोप. मी शे ना."

"तुम्ही जागे असलात की मला झोप येत नाही बा."

"तुना बापनी फिकीर नको करू तू. झोप."

ती पुन्हा पडली. सकाळी आत गेलेले डोळे घेऊन उठली आणि म्हणाली, छान झोप लागली. खाज्या खूश झाला. दिवालीबाईने नुसतं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यानंतर पोर येईना. आली तर सकाळी यायची आणि संध्याकाळच्या बसने जायची. काम आहे म्हणायची.

यंदा उन्हाळ्यात तिचा फोन आला. तापीला पूर आला तर माणसं कशी वाचवायची हे गावागावच्या तरुणांना शिकवायला तिला बोलावलं होतं. शुक्रवारी घरी येते म्हणाली. खाज्याने खाट कसली, दोऱ्या ओढून घेतल्या. आणि बुधवारी केळीच्या पिकअपवाल्या नवलने वाटेत गाडी थांबवून सांगितलं, "मुकादम, पोर आली वाटतं? फैजपूरला लॉजमध्ये शिरताना दिसली. दोन दिवस झाले."

खाज्याला पहिल्यांदा राग आला. सख्खं घर इथं, एका बसच्या अंतरावर, आणि लेक लॉजमध्ये? लोक काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी घरात न सांगता सकाळची बस धरून तो फैजपूरला गेला. लॉज बसस्टँडच्या मागेच होतं, खाली चहाचं दुकान, वर खोल्या. गल्ल्यावर रुपचंद नावाचा मॅनेजर पेपर वाचत बसला होता.

"रोशनी पावरा शे का आठे? मी तिना बाप."

"आहेत की. मॅडम झोपल्यात अजून." रुपचंद हसला. "आज त्यांना सुट्टी आहे. काल संध्याकाळी जेवून वर गेल्या, त्या अजून उठल्या नाहीत. खाली बसस्टँडचा केवढा गोंगाट, पण त्यांना काही ऐकू जात नाही बघा. रोजचंच आहे. गाढ झोपतात. उठवू का?"

खाज्या बाकावर बसला. बाहेर बसचे भोंगे वाजत होते, कंडक्टर सावदा-रावेर ओरडत होता, चहावाल्याचा स्टोव्ह घरघरत होता. एवढ्या गलक्यात, परक्या गादीवर, परक्या चादरीत त्याची पोर गाढ झोपली होती. पाड्यावर तर पान हललं तरी ऐकू येतं. आणि तिथे तिला झोप येत नव्हती.

"नको," तो म्हणाला. "झोपू द्या."

त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. रडू आलं म्हणायला लाज वाटेल असं, पण रडूच होतं ते. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून तो बसून राहिला. राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही.

ऊन चांगलं चढल्यावर रोशनी जिना उतरून आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, चेहरा टवटवीत. त्या चेहऱ्याची पोर त्याने किती वर्षांत पाहिली नव्हती! बापाला पाहून ती तिथेच थबकली.

"बा? तुम्ही... मी कालच आले. रात्री बस नव्हती, म्हणून म्हटलं..."

रुपचंदने पेपरातून मान वर केली आणि शहाण्यासारखी पुन्हा खाली घातली.

"हा ना," खाज्या म्हणाला. "रातले बस ऱ्हास नही तिकडे."

ती खाली मान घालून उभी राहिली. "मी बॅग घेऊन येते. आत्ताच घरी जाऊ. राहीन मी चार दिवस."

ती वळली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेली. तिच्या पाठीकडे पाहताना खाज्याला सगळं कळत होतं. ती येईल. खाटेवर पडेल. तो लांब झोपल्याचं सोंग करील, तीही करील. सकाळी दोघं एकमेकांना छान झोप लागली म्हणून सांगतील.

"बॅग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"जेवाले घर ये माय. तुनी मायनी भरीत करायचं ठरायेल शे. दिनभर बस, बोल." त्याने वरच्या खोल्यांकडे बोट केलं. "नि झोपाले आठेच ये."

रोशनीने बापाकडे पाहिलं. पावऱ्याच्या घरात आजवर कुणी लेकीला असं सांगितलं नसेल. ती म्हणाली, "नाही बा, असं कसं," पण म्हणायच्या आधी क्षणभर तिचे खांदे सैल पडले, कपाळावरची आठी गेली, आणि सुटल्यासारखा श्वास तिच्या तोंडून निघाला. खाज्याने तो ऐकला.

मग तो उठला आणि तिला चहा पाजायला चहाच्या दुकानात घेऊन गेला.